जयंतीच्या ट्रकवरील वीज आणि कार्यकर्त्यांची जबाबदारी

मार्च महिना संपत आला की पैठणपासून पार मुंबईपर्यंत वस्त्यावस्त्यांमधून जयंती उत्सव समित्यांच्या बैठका सुरू होतात. अध्यक्ष कोण, वर्गणी किती, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, व्याख्याता कोण बोलवायचा यावर रात्र रात्र चर्चा होते. साउंड कोणाचा लावायचा यावर तर हमरीतुमरीही होते. परंतु त्या साउंडला, त्या रोषणाईला, ट्रकवरच्या पडद्याला वीज कुठून येणार, ती कोणत्या वायरीतून जाणार आणि त्या वायरीचा धक्का बसला तर जबाबदार कोण, हे प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर क्वचितच असतात. ते काम "साउंडवाल्याचं" म्हणून सोडून दिले जाते. साउंडवाला ते हाताखालच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर सोडतो. आणि ते पोर बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतले असते.

१३ एप्रिल २०२३ ची रात्र आंबेडकरी जनतेने विसरता कामा नये. विरारच्या कारगिलनगरमध्ये जयंतीच्या पूर्वसंध्येची मिरवणूक आटोपून वाहन परत निघाले होते. वाहनावरचा लोखंडी गज रोहित्राला लागला. दोघांचा मृत्यू झाला, पाच जण जखमी झाले. उजाडला तो दिवस १४ एप्रिलचा होता. ज्या दिवशी अख्खा समाज नवे कपडे घालून घराबाहेर पडतो, त्या दिवशी त्या घरांवर काय ओढवले असेल, याची कल्पना प्रत्येक आईबापाने करून पाहावी.

विरारमध्ये वाहनाने बाहेरची वीज ओढवून घेतली. पण वाहनावरची स्वतःची वीजही तेवढीच घातक असते. ३१ जुलै २०२२ च्या मध्यरात्री पश्चिम बंगालच्या कूचबिहार जिल्ह्यात शीतलकुचीहून जल्पेशच्या मंदिराकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या पिकअप गाडीत वीज उतरली आणि दहा तरुण मेले. गाडीच्या मागच्या बाजूला डीजेसाठी जनरेटर बसवला होता. त्याच्याच वायरिंगमधून वीज उतरली असावी, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारच्या हाजीपूरमध्ये डीजेचे वाहन उच्चदाबाच्या तारेला लागून किमान आठ कावडयात्री दगावले. म्हणजे हा प्रश्न एका समाजाच्या मिरवणुकीचा नाही. वीज जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. मात्र ट्रकवर चढून वायरी ओढणारा, भिंतीएवढ्या बॉक्सवर उभा राहून तारा काठीने वर उचलणारा कोण असतो, हे या देशात जात आणि गरिबीच ठरवते.

हा प्रश्न फक्त एप्रिल महिन्याचाही नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे, चौदा ऑक्टोबरला आणि दसऱ्याला दीक्षाभूमीकडे, एक जानेवारीला भीमा कोरेगावकडे, चौदा जानेवारीला विद्यापीठ गेटकडे आपली माणसे टेम्पो-ट्रकने निघतात. वाटेत मोबाईल चार्ज करायचे असतात, रात्री दिवा लावायचा असतो, कुणी पुस्तकांचा स्टॉल गाडीतच मांडतो. पैठण तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरवर संसार लादून महिनोन्‌महिने बाहेर राहतात. त्यांच्या कोपीवरचा बल्ब आणि हातातला फोन अनेकदा गाडीच्याच बॅटरीवर चालतो. एमआयडीसीत माल घेऊन येणारा ड्रायव्हर दोन-दोन दिवस नंबर लागण्याची वाट पाहत केबिनमध्ये काढतो. नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करणारा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, पण जुन्या ट्रकचा ड्रायव्हर आजही बॅटरीला वायरी जोडून पंखा फिरवतो. या सगळ्यांसाठी ट्रक हेच घर आहे आणि ट्रकचे सॉकेट हाच घरातला बोर्ड आहे. म्हणून त्या सॉकेटमागचे गणित आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजे.

हे गणित चौथीच्या मुलालाही जमेल. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. पिकअप-टेम्पोला १२ व्होल्टची एक बॅटरी असते. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. डॅशबोर्डवर लायटरचे जे गोल सॉकेट असते त्याला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १० अँपिअरचा धरला तर टेम्पोच्या सॉकेटमधून १२० वॅट आणि ट्रकच्या सॉकेटमधून २४० वॅट, एवढीच त्याची ताकद. मोबाईलला २०-२५ वॅट, लॅपटॉपला ६५, एका एलईडी बल्बला ९, छोट्या टीव्हीला ५०. हे सगळे त्यात बसते. मिक्सर ५०० ते ७५० वॅट घेतो, इस्त्री १०००, पाणी तापवायची किटली १५००, इंडक्शनची शेगडी २००० पर्यंत. ही उपकरणे लायटरच्या सॉकेटवर कधीही चालणार नाहीत. चालवायचा प्रयत्न केला की फ्यूज उडेल. फ्यूज उडणे हा बिघाड समजू नये. जळू पाहणाऱ्या वायरीला वाचवण्यासाठीच तो उडतो.

पण फ्यूज उडाल्यावर आपल्याकडे काय होते? पैठणमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला मी हेच विचारले, "दादा, फ्यूज गेला तर पोरं काय करतात?" तो हसला. म्हणाला, "वकीलसाहेब, रात्रीच्या वेळी फ्यूज कोण आणायला जातं? तारेचा तुकडा घालायचा, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. लाईट लागली म्हणजे झालं." लाईट लागते हे खरेच, पण त्या क्षणापासून त्या गाडीत वायर जळण्याआधी वीज तोडणारे काहीही उरत नाही.

मोठे उपकरण चालवायचे म्हणजे इन्व्हर्टर आला. तो बॅटरीच्या १२ किंवा २४ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो. येथे दोन वेगवेगळे धोके सुरू होतात आणि ते वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत.

पहिला धोका बॅटरीकडच्या बाजूला, आगीचा. घरी १००० वॅटची इस्त्री लावली तर वायरीतून जेमतेम सव्वाचार अँपिअर वाहतात. तीच इस्त्री इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरीतून २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये जवळपास ४७ आणि १२ व्होल्टच्या टेम्पोत जवळपास ९५ अँपिअर वाहतात. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे घरात जी वायर कोमटही होत नाही, तीच वायर तेवढ्याच लांबीची घेऊन ट्रकच्या बॅटरीला जोडली तर शंभर पटींहून अधिक तापते. वरचे प्लास्टिक वितळते, आत उघडी झालेली तार पत्र्याला टेकते आणि खाली ताडपत्री, गाद्या, कापडी बॅनर असतात. म्हणून बॅटरीकडची वायर जाड तांब्याची आणि शक्य तितकी आखूड असली पाहिजे, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच योग्य क्षमतेचा फ्यूज असला पाहिजे. फ्यूज इन्व्हर्टरजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर जोडून त्यावर साउंड चालवणे, किंवा बॅटरीला नुसते चिमटे लावून ट्रक चालवणे, हे तर आगीला आमंत्रणच आहे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हादऱ्याने चिमटा सुटून ठिणगी पडली तर बॅटरी तोंडावर फुटू शकते.

आणखी एक सवय ताबडतोब मोडली पाहिजे. ट्रक २४ व्होल्टचा आणि ॲम्प्लिफायर १२ व्होल्टचा, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेतात. त्यामुळे एक बॅटरी उतरत जाते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तापते आणि दोन्ही वाया जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच वापरावा. तसेच १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत ३६०० वॅट-तास साठतात. गाडी परत सेल्फवर सुरू व्हायची असेल तर त्यातले निम्मेच वापरता येतात. म्हणजे १००० वॅटचा भार फार तर दीड तास. इंजिन चालू ठेवले तर अल्टरनेटर भर घालतो, पण मिरवणुकीच्या मुंगीच्या चालीत त्याची ताकदही कमीच असते. आणि बंद केबिनमध्ये, बंद शेडमध्ये इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच मरणे. या वायूला वास नाही, रंग नाही.

दुसरा धोका इन्व्हर्टर किंवा जनरेटरच्या पुढे, २३० व्होल्टच्या बाजूला. बॅटरीचे २४ व्होल्ट कोरड्या हाताला सहसा धक्का देत नाहीत, म्हणून पोरांची भीड चेपते. त्याच हाताने ती २३० व्होल्टच्या वायरी दाताने सोलून पिळतात. चालत्या ट्रकला जमिनीत अर्थिंग गाडता येत नाही. एक वायर सोलून ट्रकच्या पत्र्याला लागली तरी ताबडतोब काही कळत नाही, मिरवणूक चालूच राहते. मग दुसरी वायर माईकच्या दांड्याला किंवा बॉक्सच्या चौकटीला टेकते. आता एका हाताने फाळका आणि दुसऱ्या हाताने माईक धरणाऱ्याच्या छातीतून प्रवाह जातो. ट्रक उभा करून घरातून किंवा खांबावरून वीज घेतली असेल तर धोका आणखी मोठा. तेव्हा एकच वायर पत्र्याला लागली तरी ओल्या जमिनीवर उभे राहून ट्रकला हात लावणारे लेकरूसुद्धा सापडते.

यावर उपाय आहे आणि तो साउंडच्या भाड्यापुढे किरकोळ खर्चाचा आहे. जनरेटरची चौकट, ट्रकची बॉडी, बॉक्सच्या लोखंडी चौकटी हे सगळे एकाच जाड हिरव्या वायरीने जोडायचे, जनरेटरचा न्यूट्रल त्याच चौकटीला बांधायचा आणि पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा. गळती झाली की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडतो. मात्र न्यूट्रल बांधलेला नसेल तर तोच आरसीसीबी नुसता शोभेचा ठरतो. म्हणून हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि टेस्ट बटण दाबून डोळ्यांदेखत तपासावे. लहान इन्व्हर्टरच्या बाबतीत न्यूट्रल बांधणे कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितले असेल तरच करावे. तीन पिनांचा प्लग, पावसात न भिजणारी जोडणी, पायदळी न येणाऱ्या वायरी हे तर सांगायलाही नको.

आता डोक्यावरच्या तारांचे. वीज सुरक्षेच्या नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार किमान ५.८ मीटर आणि ११ हजार व्होल्टची तार किमान ६.१ मीटर उंच असावी लागते. ट्रकचा तळ जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर. त्यावर अडीच मीटरची साउंडची भिंत. झाले चार मीटर. त्या भिंतीवर चढलेला तरुण हातातला झेंडा उंचावतो तेव्हा सहा मीटर सहज ओलांडतो. गावाकडे तारा झोळासारख्या लोंबतात, तेव्हा नियमातली उंचीसुद्धा मिळत नाही. उच्चदाबाची वीज तारेला न टेकताही थोड्या अंतरावरून झेप घेते. म्हणून भिंतीवर कोणी चढणार नाही आणि लोखंडी काठी कोणी नेणार नाही, हा समितीचा ठराव असला पाहिजे. चुकून ट्रक तारेला लागलाच तर वरच्यांनी उतरण्याची घाई करू नये. एक पाय ट्रकवर आणि एक जमिनीवर पडला की माणूस गेला. खालच्यांनी दूर व्हावे, ट्रकला हात लावू नये, १९१२ वर महावितरणला आणि ११२ वर पोलिसांना कळवून वीज बंद करवावी. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून ट्रकपासून दूर उडी मारावी आणि पाय न उचलता घासत घासत लांब जावे.

कोणी म्हणेल, वकिलाने कायदा सांगावा, हे वायरमनचे धडे कशाला? कारण कायदा माणूस मेल्यानंतर कामाला लागतो आणि तेव्हा तो गरिबाच्या बाजूने सरळ उभा राहतोच असे नाही. जिवंत तारेने माणूस मेला तर वीज पुरवणाऱ्यावर कडक दायित्व येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात ठामपणे सांगितले. पण तार नियमाच्या उंचीवर होती आणि गज आपण उंचावला, तर वीज कंपनी तेच बोट दाखवते. गाडीच्या विम्याकडे जावे तर २००२ मध्येच न्यू इंडिया अश्युरन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. न्यायालये कधी कधी कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात, परंतु त्यावर कुटुंबाने विसंबून राहावे असे ते नाही. उरतो ट्रकमालक. तो बऱ्याचदा कर्जाच्या हप्त्यात बुडालेला, आपल्यासारखाच माणूस.

उलट बाजूही लक्षात ठेवा. १९८७ मध्ये पुणे-बंगळुरू महामार्गावर उलटलेल्या टँकरला काही तासांनी आग लागून गावकरी मेले, त्या खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उभे असलेले, बंद पडलेले वाहनसुद्धा कायद्याच्या अर्थाने "वापरात" असू शकते. म्हणजे उभ्या ट्रकवर वीज उतरून कोणी मेले तरी मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येते. दावा सहा महिन्यांत करायची अट २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर दिवस घालवू नका. वीज अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाकडे अपघाताची खबर गेली की नाही हे पाहा. वायरी उचलण्याआधी फोटो काढा, पंचनाम्यात फ्यूज, वायरी आणि तारेची उंची नोंदवायला लावा.

आणि समितीच्या पदाधिकाऱ्यांनी हेही ऐकावे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाडीत नियमबाह्य बदल केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड आहे. मालवाहू ट्रकचा परवाना माणसे वाहण्यासाठी नसतो. मिरवणुकीच्या परवानगी अर्जावर ज्याची सही असते, पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात.

बाबासाहेबांच्या नावाने निघणाऱ्या ट्रकवर विजेची ही अवस्था असावी, याचे दुःख वेगळेच आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचेही खाते होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय या देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्य हटणार नाही, अशी मांडणी केली. आपल्या पैठणच्या धरणावरचे १२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र पाहताना ही मांडणी आठवते. त्यांनी वीज माणसाच्या मुक्तीसाठी मागितली होती. त्यांच्या जयंतीत आपली पोरे त्याच विजेने मरणार असतील तर आपण त्यांच्यापासून काय शिकलो?

म्हणून पैठण तालुक्यातील आणि सगळ्याच गावांतील समित्यांना माझी विनंती आहे. पहिल्याच बैठकीत एक वीजप्रमुख नेमा. आपल्या वस्त्यांमधून आयटीआयची वायरमन आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडची कितीतरी मुले बाहेर पडली आहेत. त्यांना वर्गणी मागायला पाठवण्यापेक्षा हे काम मानाने द्या. साउंडवाल्याशी करार लेखी करा आणि त्यात फ्यूज, आरसीसीबी, वायरिंगची तपासणी हे मुद्दे घाला. मिरवणुकीचा मार्ग आठवडाभर आधी पायी फिरून लोंबत्या तारा मोजा आणि महावितरणच्या उपविभागाला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ती पोच उद्या न्यायालयात लाखमोलाची ठरते. वाळूची बादली आणि विजेच्या आगीला चालणारे अग्निशामक ट्रकवर ठेवा. वीजप्रमुखाने "बंद" म्हटले की साउंड बंद, मग समोर आमदार नाचत असो की समितीचा अध्यक्ष.

तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना जो उपदेश केला तो अप्पमादाचा होता, म्हणजे गाफील न राहण्याचा. धम्मपदात त्यावर एक संपूर्ण वग्ग आहे. विहारात दर रविवारी आपण तो शब्द उच्चारतो. येत्या चौदा एप्रिलला ट्रकची चावी फिरवण्याआधी तो शब्द वायरी, फ्यूज आणि तारा तपासून पाळला पाहिजे. जयंतीला घरातून निघालेले प्रत्येक लेकरू रात्री आपल्या घरी परतले, तरच जयंती साजरी झाली असे म्हणता येईल.

जयभीम!